वरच्या मजल्यावरचा टॅब

"वरचा टॅब तेवढा बंद करता येईल का?" मन्मथ हलगे हळू आवाजात म्हणाले, आणि उठून त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

मी त्यांच्या लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून बसलो होतो. घरात वायफायला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी समोर होती. हलगे साहेबांचा लॅपटॉप, वहिनींचा लॅपटॉप, तिघांचे तीन फोन, टीव्ही, आणि सगळ्यांच्या वर तो टॅब. सकाळी आठ वाजल्यापासून अखंड चालू. डेटा खाण्यात पहिला नंबर त्याचा, हे मीच साहेबांना दाखवलं होतं.

"करता येतो की," मी म्हणालो. "कायमचा करायचा का?"

"छे, कायमचा नको. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. माझ्या मीटिंगा आणि हिचे क्लास असतात तेवढा वेळ."

ही दोन हजार वीसच्या जुलैमधली गोष्ट. मी उदगीरमध्ये एका स्थानिक इंटरनेटवाल्याकडे लाइनमन होतो. खांबावर चढायचं, फायबर जोडायची, घरोघरी जाऊन तक्रारी मिटवायच्या. लॉकडाऊनमध्ये सगळं गाव घरात बसलं आणि आमचे फोन वाजायचे थांबेनात. एकाच घरची तक्रार तीनदा आली, की मालक त्या लाइनमनला ऑफिसात सगळ्यांसमोर उभा करून विचारायचे, "तुला येतं की नाही रे काम?" हलग्यांच्या घरची ही तिसरी खेप होती.

पहिल्या खेपेला मी बाहेरची वायर तपासली, कनेक्टर नवीन टाकला. दुसऱ्या खेपेला राउटर लोखंडी कपाटामागून काढून जिन्याजवळ उंच बसवला. दोन्ही वेळा मी निघताना स्पीड चांगला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रडगाणं. रात्री नेट पळायचं. दिवसा मात्र आवाज तुटायचा, चेहरे गोठायचे.

साहेबांची अडचण खोटी नव्हती. ते बियाणांच्या एका कंपनीत विभागाचे मॅनेजर होते. त्यांच्या बरोबरीच्या दोघांना कंपनीने जूनमध्ये घरी बसवलं होतं. "काल मोठे साहेब मला विचारत होते, हलगे, तुम्ही ऐकताय ना? आणि मी इकडं ओरडतोय, ऐकतोय सर, ऐकतोय सर," ते मला म्हणाले. "तिकडं काही पोचतच नव्हतं. वैजनाथ, असं अजून दोनदा झालं ना, तर माझा नंबर लागला समज." राजेश्वरी वहिनी शाळेत शिकवायच्या. त्यांचे बेचाळीस विद्यार्थी पडद्यावर येत-जात राहायचे. त्यांच्या मुलीची, गार्गीची, दहावी होती.

आणि वर आप्पा होते. साहेबांचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर.

आप्पांची बायको, महानंदाबाई, फेब्रुवारीत मुलीकडे कोल्हापूरला गेल्या होत्या. तिथंच त्यांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. मार्चमध्ये आप्पा जायला निघणार, तोच सगळं बंद झालं. पुढे पास मिळायला लागले तेव्हा मुलीची गल्ली पत्रे ठोकून बंद केलेली. मग शैलजाताईंनी, म्हणजे त्या मुलीने, आईच्या खाटेसमोर एका स्टुलावर फोन उभा केला, आणि इकडं आप्पांच्या टेबलावर हा टॅब आला. सकाळी आठला व्हिडिओ कॉल लागायचा तो रात्री बाई झोपेपर्यंत चालायचा.

"बोलतात काय एवढं?" मी साहेबांना विचारलं.

"बोलणार काय? आईला बोलता येत नाही. ती निम्मा वेळ झोपलेली असते. हे नुसते बघत बसतात. तिच्यासमोर पेपर वाचतात, जेवतात, डुलक्या काढतात. कॉल आपला चालूच." साहेबांनी कपाळ चोळलं. "मी त्यांचं तोडत नाहीये रे. पाचनंतर आहेच की."

वहिनी पाणी घेऊन आत आल्या तेव्हा त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. "त्यांना सांगून तरी करा," त्या म्हणाल्या.

"सांगितलं की ते ऐकतील होय? रुसून जेवण सोडतील. तुला माहीत नाही का?"

वहिनी काही बोलणार होत्या, पण आतून त्यांच्या लॅपटॉपवर मुलांचा गलका सुरू झाला. त्या घड्याळाकडे बघत निघून गेल्या.

मी टॅबच्या नावावर टिचकी मारली, वेळ घातली, आणि ते पान जपून ठेवलं. मिनिटभराचं काम. खरं सांगतो, मला बरं वाटलं. तीन खेपा घातल्यावर दुखणं सापडलं होतं.

दोनच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. आप्पा कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होते. धोतर, वर बनियन, कपाळावर भस्माचे पट्टे. टॅब छातीशी धरलेला.

"मन्मथ, हे गेलं बघ. ती दिसंना झाली."

साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "हा बघा वैजनाथ आलाच आहे. नेटचाच माणूस आहे. दाखवा त्याला."

मी टॅब हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. एक कोपरा चेपलेला होता.

"पडला होता का काका?"

"वटपौर्णिमेला पडला होता एकदा. पण त्यानंतर चालत होता की."

"तेच ते," मी म्हणालो. "आतला भाग कमजोर झालाय. दिवसा गरम झाला की सिग्नल धरत नाही. संध्याकाळी गार झाला की आपोआप चालेल बघा."

इतकं सरळ तोंडातून आलं, की मलाच नवल वाटलं. आप्पांनी मान हलवली. "गरम होतो खरा," ते म्हणाले. "हाताला लागतो." मग साहेबांकडे वळले. "दुकानात देता येईल का दुरुस्तीला?"

"दुकानं बंद आहेत आप्पा. उघडली की बघू."

आप्पा पुन्हा जिना चढून गेले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्याच दिवसापासून गावात आठ दिवसांचा कडक कर्फ्यू लागला. दूध आणि औषधं सोडून सगळं बंद. हलग्यांचं घर मोठ्या रस्त्यावर होतं, एरवी तिथून दिवसभर ट्रक, रिक्षा, टेम्पो यांची रांग असायची. आता रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. माझ्याकडे अत्यावश्यक सेवेचा पास होता, म्हणून मी फिरत होतो. दुपारी साहेबांचा फोन आला. "वैजनाथ, एक नंबर! सकाळपासून एकदाही अडकलं नाही. हिचेही क्लास मस्त झाले. तुझ्या मालकांना सांगतो मी." त्यांनी खरंच सांगितलं. मालकांनी ऑफिसात माझं नाव घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याच कोपऱ्यावरच्या खांबावर काम करत होतो. "अहो नेटवाले," अशी हाक आली. वरच्या गॅलरीत आप्पा उभे होते.

मी उतरून गॅलरीखाली गेलो. आप्पांनी टॅब कठड्यावरून पुढे करून दाखवला. त्याला ओलं पंच्याचं फडकं गुंडाळलेलं होतं.

"गार ठेवतोय," ते वरून म्हणाले. "काल माठाला टेकवून ठेवला. आज हे फडकं. हात लावून बघतो, गार लागतो. तरी लागत नाही हो."

"पाणी आत जाईल काका. फडकं काढा."

"मग काय करू?"

"पाचपर्यंत थांबायचं. पाचला लागतो ना?"

"लागतो. पाचला बरोबर लागतो." त्यांनी फडकं सोडायला घेतलं. "पण सकाळी ती जागी असते. दुपारच्या गोळीनंतर तिला झोप येते ती सात-सातपर्यंत, उठली की खाऊन लगेच पुन्हा झोपते. संध्याकाळी मला ती नुसती झोपलेलीच दिसते."

मी खाली उभा होतो. खिशातल्या फोनवरून त्याच क्षणी साहेबांना म्हणता आलं असतं, की निदान सकाळचा एक तास मोकळा ठेवू. मी म्हणालो, "बघतो काका, काही होतंय का ते." आणि गाडीला किक मारली. मनात आलं ते इतकंच, की टॅब चालू केला आणि पुन्हा तक्रार आली, तर चौथ्यांदा मलाच जावं लागेल.

कर्फ्यू उठला त्याच दिवशी साहेबांचा फोन आला. आवाज बसलेला होता. "नेट पुन्हा तसंच झालंय. येऊन जा."

मी साडेअकराला पोचलो. रस्ता पुन्हा भरून वाहत होता. दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी चप्पल काढता काढता थांबलो.

"सासूबाई गेल्या," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. दुपारी बाराला पाच कमी होते."

मी पिशवी खाली ठेवली.

"सकाळपासून त्यांना कसंसंच होत होतं. शैलजाताईंनी आधी टॅबवर लावून बघितलं. लागेना. मग ह्यांच्या फोनवर. हे मीटिंगमध्ये, फोन पालथा घालून ठेवलेला. क्लासला बसताना मी माझ्या फोनचा आवाज बंदच करते, गार्गीच्याही. बारा वाजून दहा मिनिटांनी बघते तर एकोणीस कॉल." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "फोन घेऊन वर पळाले. आप्पा खुर्चीत बसले होते, तो टॅब पुढ्यात ठेवून. त्यांच्या हातात फोन दिला तेव्हा तिकडं सगळं संपलं होतं. पुढचं सगळं त्यांनी माझ्याच फोनवर बघितलं. शेवटची माती पडेपर्यंत."

आत साहेब दाढी न केलेल्या चेहऱ्याने लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांनी आई गेल्याचं काढलं नाही, मीही विचारलं नाही. "आज सकाळपासून पुन्हा अडकतंय," एवढंच म्हणाले.

मी राउटरचं पान उघडलं. टॅब बंदच होता. मग खातंय कोण? मी जिन्याजवळ गेलो, राउटर खाली घेतला, आणि पहिल्यांदा त्याच्या मागच्या बाजूला नीट बघितलं. आमच्या वायरीशेजारी अजून एक वायर खोचलेली होती. ती भिंतीच्या कडेने जिन्याखालच्या कपाटात गेली होती. कपाटात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर होता. घराबाहेर चार कॅमेरे, चारही रस्त्याकडे तोंड करून.

"हे कधी बसवलं साहेब?"

"मेमध्ये. बंद दुकानं फोडत होते ना तेव्हा. का?"

तो रेकॉर्डर वायरीने जोडलेला असल्यामुळे वायफायच्या यादीत येतच नव्हता. मी फक्त तीच यादी बघितली होती. समोरून काहीही हललं, की तो चारही कॅमेऱ्यांचं चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायला लागायचा. दिवसभर रस्त्यावर गाड्या, म्हणजे दिवसभर पाठवणं. घरातून बाहेर जाणारी सगळी वाट तोच अडवून बसायचा. रात्री रस्ता सुना, म्हणून रात्री नेट पळायचं. आणि कर्फ्यूचे आठ दिवस रस्ता दिवसाही सुना होता.

मी ती वायर उपटली आणि साहेबांना स्पीड बघायला सांगितलं. काटा एकदम शेवटाला गेला.

"म्हणजे टॅबचं..." साहेब म्हणाले.

"टॅबमुळे नव्हतं साहेब."

"जरासुद्धा नाही?"

"एवढ्याशा कॉलने काय होतंय. मी..." मी तिथंच थांबलो.

साहेबांनी ती उपटलेली वायर उचलून कपाटात ढकलली. मग म्हणाले, "आप्पांना यातलं काही बोलू नको." आणि थोड्या वेळाने, "त्यांना सहन नाही व्हायचं."

मी यादीत जाऊन टॅबवरची वेळेची अट काढून टाकली. आता त्याचा उपयोग काय, हा विचार नंतर आला. हात आपोआप गेले. मी हत्यारं पिशवीत भरत होतो, तेवढ्यात वरून आप्पांनी हाक मारली. "नेटवाले आलेत का? त्यांना जरा वर पाठव ग राजेश्वरी."

वरची खोली लहान होती. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. आप्पा खाटेवर बसले होते. मला त्यांनी खुर्ची दाखवली.

"शैलजा सांगत होती," ते म्हणाले, "सकाळपासून ती सारखी त्या फोनकडं बघत होती. शैलजानं तिचं तोंड दुसरीकडं वळवलं, तरी पुन्हा तिकडंच. त्यात काहीच दिसत नव्हतं म्हणे. काळा."

मी पिशवीचा पट्टा हातात पिळत बसलो.

"तुम्ही मला विचारलं होतं ना, पडला होता का म्हणून. मी एकदा म्हणालो. तो दोनदा पडला होता. दुसऱ्यांदा मीच झोपेत हात लावून पाडला. मन्मथ रागावेल म्हणून बोललो नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्यांदा पडला नसता, तर चालला असता का हो?"

"एकदा पडला की त्याचा नेम नसतो काका," मी म्हणालो.

"हं."

आणि तेवढ्यात टेबलावरचा टॅब वाजला.

आप्पा दचकले. मीही. त्यांनी हात लांब करून तो उचलला. शैलजाताई होत्या. चेहरा स्वच्छ, आवाज स्वच्छ. "आप्पा, जेवलात का?" "जेवतो." "लागला की आज! मी वहिनींनाच लावणार होते." "हो. नंतर बोलतो." त्यांनी कॉल बंद केला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"लागला," आप्पा म्हणाले.

"आज हवा जरा गार आहे," मी म्हणालो.

गॅलरीतून ऊन थेट खाटेपर्यंत आलं होतं. त्यांचं बनियन घामाने पाठीला चिकटलं होतं.

"मी तीस वर्षं वजनमापं तपासत हिंडलो," शेवटी ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "खोटं माप ठेवणारा दुकानदार बोलताना कुठं बघतो ते मला कळतं. कुणी बंद केला होता?"

मी खाली बघत होतो. त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं, की काका, मीच चुकीचं दुखणं शोधलं, तुमच्या टॅबकडे बोट मीच दाखवलं, मागची वायर बघायची तसदी मी घेतली नाही, आणि साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हे सगळं खरं होतं आणि सगळं मला माहीत होतं.

"मन्मथ साहेबांनी सांगितलं म्हणून, काका," मी म्हणालो. "मी काय, सांगेल ते करणारा माणूस."

आप्पांनी टॅब टेबलावर ठेवला. "आठ ते पाच?"

"आठ ते पाच."

"जा तुम्ही," ते म्हणाले. "पाणी पिऊन जा."

खाली साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणत होते?" मी म्हणालो, "काही नाही, टॅब बघायला बोलावलं होतं."

त्यानंतर आप्पा चौदा महिने जगले. मी मधून मधून त्या घरी जायचो, कधी वायर तुटली म्हणून, कधी वरच्या मजल्यावर दुसरा राउटर बसवायचा म्हणून. आप्पांचं ताट वर जायचं आणि रिकामं खाली यायचं. सुनेशी, नातीशी ते बोलायचे. साहेब जिना चढायला लागले, की ते भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. साहेब दाराशी उभे राहून विचारायचे, "आप्पा, काही हवंय का?" आणि थोडा वेळ वाट बघून खाली यायचे. हे मी स्वतः दोनदा पाहिलं.

आप्पा गेले तेव्हा मी भेटायला गेलो. साहेब ओसरीवर एकटेच बसले होते. वर्षभरात माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"शेवटपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत रे," ते म्हणाले. "दवाखान्यात हात धरला तर काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, आईचा धसका घेतलाय, अशात माणूस जवळच्यावरच राग काढतो. तसंच असेल ना?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते.

"तसंच असेल साहेब," मी म्हणालो.